साबण लावलेली डिझेलची टाकी

मित्रांनो, आधीच कबूल करून टाकते, मी जन्माची भित्री आहे. लोखंडी पत्र्याची टाकी आणि भित्री, हे ऐकून तुम्हाला हसू आले असेल. खुशाल हसा. पण जिच्या पोटात दोनशे लिटर डिझेल असते आणि जिच्या अंगाला पाठ टेकून दमलेली माणसे डुलकी काढतात, तिने घाबरू नये तर कोणी घाबरावे? मासेमारीच्या एका जुन्या बोटीत मी बावीस वर्षे काढली. आज मी दोन तुकड्यांत धक्क्यावर पडले आहे आणि भंगारवाल्याची गाडी यायची आहे. तेवढ्या वेळात माझी हकिगत सांगते.

माझा जन्म एका लांबट, काळपट शेडमध्ये झाला. मला बनवणारा कारागीर एका कानाने बहिरा होता. येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला तो त्या कानाची गोष्ट सांगे. कोणीतरी डिझेलचे रिकामे पिंप दुरुस्तीला आणले होते. रिकामेच तर आहे, असे म्हणून त्याने ते न धुता तसेच वेल्डिंगला घेतले. पिंपाचे झाकण उडाले ते शेडच्या छपरात जाऊन रुतले आणि याचा कान कायमचा गेला. "भरलेल्याला भिऊ नका, रिकाम्याला भ्या," असे म्हणून तो गोष्ट संपवायचा. मी तेव्हा नुसता दुमडलेला पत्रा होते, अजून माझे सांधेही जुळले नव्हते, आणि ही गोष्ट मी रोज ऐकत होते. लहानपणी ऐकलेले मनात कसे घर करून बसते, ते तुम्हाला वेगळे सांगायला नको.

सांधे जुळल्यावर त्याने मला पाण्याने काठोकाठ भरले आणि हातात खडू घेऊन सगळीकडून न्याहाळले. एक थेंबही बाहेर आला नाही. खडू कानामागे खोचत तो म्हणाला, "ही वीस वर्षं हूं की चूं करणार नाही." माझ्या आयुष्यातले ते पहिले कौतुक. आनंद झालाच, पण लगेच मनात आले, एकविसाव्या वर्षी काय? ते त्याला कोणी विचारले नाही.

बोट तेव्हा बांधून व्हायची होती. सुताराने मला इंजिनाच्या खोलीत दोन आडव्या लाकडांवर बसवले. मला टोचू नये म्हणून त्या भल्या माणसाने लाकडांवर पोत्याच्या घड्याही घातल्या. मग माझ्या डोक्यावर डेकच्या फळ्या ठोकल्या. आधी कपाट आत ठेवायचे आणि मग खोलीला दार बसवायचे, तशातली ही गत झाली. माझी एक नळी वर डेकवर जात होती, तिच्यातून डिझेल ओतत. दुसरी इंजिनाकडे जात होती. आत साचलेले पाणी काढायला तळाशी एक छोटा नळही होता, पण तो नेमका बोटीच्या फासळीमागे गेला. मालकांनी एकदा तिथे हात घातला, कोपर सोलवटून घेतले आणि पुन्हा त्या नळाचे नाव काढले नाही.

मालक म्हणजे ज्यांनी बोट बांधून घेतली ते. रोज सकाळी निघण्याआधी ते डेकवरचे झाकण उघडत आणि नळीतून एक काठी सरळ खाली सोडत. काठीवर खाचा होत्या, त्यावरून डिझेल किती उरले ते कळे. काठीचे टोक झिजू नये म्हणून त्यांनी त्याला हौसेने पितळेची टोपी बसवली होती. काठी माझ्या तळाला लागली की टक् असा आवाज होई. मालक ती जराशी उचलून पुन्हा सोडत. टक्. पहिली मोजायची, दुसरी लाडाची. "आहेस ना गं?" असे विचारत आणि झाकण फिरवत. मला त्या आवाजाची सवय लागली. समुद्रात निघायची माझी धाकधूक त्याने जरा कमी होई.

वर्षे गेली. इंजिने दोन बदलली, जाळी तर किती फाटली आणि किती विणली याची गणतीच नाही. मी मात्र तीच. मालक धक्क्यावर ऐटीत सांगत, "माणसं थकली, पण माझी टाकी थकली नाही." मी आतून थकत चालले होते, हे त्यांना दिसणार कसे? रोज गारठा पडला की माझ्या भिंतींना आतून दव धरे. ते थेंब ओघळून डिझेलच्या खाली तळाशी जाऊन बसत. त्या पाण्याला वाट नव्हती. बाहेरून पोत्याच्या घड्या खारे पाणी पिऊन कायम ओल्या असत. आतून गंज आणि बाहेरूनही गंज, अशी माझी दोन्हीकडून चमडी सोलली जात होती. दुखणे अंगावर काढण्यात मी पटाईत होते, एवढेच.

मग मालकांचे गुडघे गेले आणि बोट त्यांचा मुलगा चालवू लागला. मुलगा सुकाणूपाशी आणि सूनबाई इंजिनापाशी, अशी वाटणी होती. सूनबाईंचे वडील पंप दुरुस्त करायचे, त्यामुळे पाना त्यांच्या हातात बाहुलीच्या वयापासून होता. इंजीन नुसते खाकरले तरी त्यांना कळे की घसा कुठे बसला आहे. मालक समुद्रात जात नसले तरी सकाळी काठी घेऊन हजर असत. दोनदा टक् केल्याशिवाय बोट सुटत नसे. मुलगा हसून म्हणे, "बाबा, काटा बसवतो ना, आपोआप कळेल." मालक उत्तर देत, "काटा खोटं बोलतो. काठी नाही बोलत."

बाविसाव्या वर्षी एका दुपारी माझ्या तळातून पहिला थेंब पडला. मला तो पडताना जाणवला. काळजात धस्स झाले. टप्. बऱ्याच वेळाने दुसरा. त्या दिवशी मालक एकटेच इंजिनाच्या खोलीत आले होते. त्यांना वास आला. दोन लाकडांमधल्या फटीतून त्यांनी हात घालून माझा तळ चाचपला, बोट नाकाशी नेले आणि तसेच बसून राहिले. मला वाटले, आता हाकाटी होईल, आता मला कापून काढतील. माझी पाचावर धारण बसली. मालकांनी मान वळवून मागे पाहिले. कोणी नव्हते. त्यांनी वर जाऊन कपड्यांच्या साबणाची वडी आणली, तिचा तुकडा बोटांनी मळला आणि माझ्या भोकात दाबून बसवला. डिझेलमध्ये साबण विरघळत नाही, हे जुन्या बोटवाल्यांना ठाऊक असते. ठिबकणे थांबले.

"गप बस हं," ते माझ्या अंगावर हात ठेवून म्हणाले. "कुणाला कळता कामा नये."

मित्रांनो, त्यामागचे कारण मला ठाऊक होते. आठवड्यापूर्वीच मुलगा सूनबाईंना म्हणाला होता की बोट आता फार जुनी झाली, अजून एखादे मोठे काम निघाले तर विकून टाकू. ते मी ऐकले होते आणि मालकांनीही ऐकले होते. त्या दिवसापासून दर दोन-तीन दिवसांनी साबणाचा ताजा तुकडा येऊ लागला. सूनबाई वर धुणे वाळत घालताना म्हणत, "आणलेला साबण जातो तरी कुठे?" मालक ताकास तूर लागू देत नसत. मीही मनात म्हणत होते, झाकली मूठ सव्वा लाखाची. आज त्याची लाज वाटते.

आणि मग तो दिवस आला. वारा सकाळपासूनच आडवा होता. परतताना लाटा उंच झाल्या आणि बोट कधी डाव्या कुशीवर तर कधी उजव्या कुशीवर लोळू लागली. माझ्या पोटातले सगळे ढवळून निघाले. बावीस वर्षांचे पाणी, गंजाचे पापुद्रे, काळा चिकट गाळ, सगळे उसळून इंजिनाकडच्या नळीत शिरले. मी ते धरून ठेवू शकत नव्हते. इंजीन दोनदा ठसकले आणि बंद पडले.

इंजीन बंद पडल्यावर समुद्राचा खरा आवाज ऐकू येतो. डाव्या हाताला खडक होते. लाटा त्यांच्यावर फुटताना मी ऐकत होते आणि दर वेळी आवाज जवळ येत होता.

"नांगर टाकलाय, पण धरत नाही," मुलगा वरून ओरडला. "किती वेळ लागेल?"

"विचारू नका!" सूनबाई ओरडल्या.

त्यांनी फिल्टर खोलला. आत डिझेल नव्हतेच, तांबडा चिखल होता. नवा फिल्टर बसवला, हातपंप मारला, नळीतली हवा काढली. इंजीन सुरू झाले आणि मोजून शंभर आकडे होण्याआधी पुन्हा बंद पडले. मी आणखी चिखल पाठवला होता. मला तोंड असते तर मी किंचाळले असते. ज्यांनी माझ्या अंगाला टेकून डबा खाल्ला, त्यांना मी माझ्याच पोटातल्या घाणीने खडकावर नेत होते. दुसरा नवा फिल्टर बोटीवर नव्हता. सूनबाईंनी जुनाच डिझेलमध्ये खळखळून धुतला. त्यांच्या हातातून पाना दोनदा निसटला. या वेळी मात्र इंजीन सुरू झाले ते बंद पडले नाही. खडक इतके जवळ होते की फुटलेल्या लाटेचे पाणी डेकवरून माझ्या झाकणापर्यंत आले होते.

धक्क्याला लागल्यावर सूनबाई हातात विजेरी घेऊन माझ्याखाली आडव्या झाल्या. तळाला लागलेले पांढरे काहीतरी त्यांनी नखाने खरवडून हुंगले. मग त्यांनी नवऱ्याला हाक मारली.

"अहो, तुम्ही टाकीला साबण लावलात?"

"मी? मी अंगाला तरी धड लावतो का?"

ते दोघे एकमेकांकडे पाहत राहिले. तिसरा माणूस कोण, हे विचारायची गरज नव्हती.

आता तुम्हाला वाटेल, घरी जाऊन त्यांनी मालकांना खडसावले असेल. तसे झाले नाही. म्हाताऱ्याचे मन कशाला दुखवा, असा त्यांनी विचार केला. खडकांचेही सांगितले नाही. सूनबाई एवढेच म्हणाल्या, "मामंजी, टाकी बदलायला हवी."

"टाकीला काय धाड भरलीय?" मालक म्हणाले. "इंजिनाला शिंक आली असेल."

बघा, तीन माणसे आणि एक टाकी. चौघांनाही खरे ठाऊक होते आणि चौघेही गप्प होते. दोन दिवसांनी मुलगा आणि सूनबाई नव्या टाकीची माहिती काढायला त्याच बहिऱ्या कारागिराच्या शेडमध्ये गेले. मालकांनी ती संधी साधली. त्यांनी वेल्डरला बोलावले. मुले परत येण्याआधी तळाला ठिगळ लावून घ्यायचे आणि टाकी धडधाकट आहे हे दाखवून द्यायचे, असा त्यांचा बेत होता.

वेल्डर भरभर बोलणारा होता. त्याने माझ्यातले डिझेल उपसून पिंपात काढले आणि हात पुसत म्हणाला, "झाली रिकामी. तासाभराचं काम."

रिकामी! मित्रांनो, तो शब्द ऐकला आणि मला त्या बहिऱ्या कानाची गोष्ट शब्दन् शब्द आठवली. टाकी रिकामी होते म्हणजे काय होते? कोपऱ्याकोपऱ्यात डिझेलचा लेप राहतो. पत्रा तापला की त्याची वाफ होते. ती वाफ हवेत मिसळून टाकीभर कोंडते आणि मग एक ठिणगी पुरते. मालकांनाही शंका आली असावी. ते म्हणाले, "धुवायला नको का आतून?"

"आजोबा, हे डिझेल आहे, पेट्रोल नाही. पेटती काडी टाकली तरी विझते."

पिंपात काडी विझते, हे खरे आहे. म्हणूनच लोक फसतात. वेल्डरने वायर जोडली आणि पकड नीट लागली का ते पाहायला सळई इंजिनाच्या पायाला टेकवली. कड् असा आवाज होऊन निळी ठिणगी उडाली. ती माझ्यापासून दोन हातांवर विझली. मालक माझ्या शेजारीच लाकडावर टेकले होते, त्यांचा तळवा माझ्या अंगावर होता. मी मनातल्या मनात आक्रोश करत होते की हात काढा, उठा, बाहेर जा. इतकी वर्षे मला समुद्राची भीती वाटली, गंजाची वाटली. त्या घटकेला मला फक्त माझी भीती वाटत होती.

"तळाला अजून किती उरलंय बघा जरा," वेल्डर म्हणाला. "खालून ठिगळ मारताना अंगावर यायला नको."

मालक गुडघ्यांवर हात देत वर गेले. झाकण उघडले. काठी सोडली.

टक् झाले नाही.

काठी रोजच्या खाचेशी थांबलीच नाही. करकर करत ती आणखी चार बोटे खाली गेली. मला तळाशी काहीतरी फाटल्यासारखे झाले आणि उरलेसुरले डिझेल खाली सांडले. मालकांनी काठी ओढून काढली आणि पितळेची टोपी डोळ्यांजवळ धरली. टोपीला बोटीच्या तळातले काळे पाणी होते, आणि त्यांनीच लावलेला पांढरा साबण होता.

रोज दोनदा, बावीस वर्षे, एकाच जागी. काठी झिजू नये म्हणून पितळ लावले होते, आणि तिच्याखाली मी झिजत होते. तळावर गंज धरला की काठी तो ठोकून पाडायची, खालचा कोरा पत्रा उघडा पडायचा, आणि त्यावर पुन्हा गंज धरायचा. मला तो लाड वाटत होता. त्यांनाही तो लाडच वाटत होता.

"भोक मोठं झालं का? मग मोठा पत्रा मारतो," वेल्डर खालून म्हणाला.

"थांब," मालक म्हणाले. "हिचा तळच गेलाय, डिझेल खाली सांडलंय. काही पेटवू नकोस. वायर काढ. वर ये आधी."

वेल्डर कुरकुरला, पण वर आला. मालक झाकणाशेजारी बसून राहिले. मुलगा आणि सूनबाई परत येईपर्यंत ते तिथून हलले नाहीत. ती दोघे बोटीवर चढली, वेल्डरची वायर पाहिली, आणि सूनबाईंचा चेहरा पांढरा पडला. कारागिराने त्यांना नुकतीच ती पिंपाची गोष्ट सांगितली होती.

मालक उठले नाहीत. खाली बघतच म्हणाले, "साबण मी लावत होतो. दोन महिने झाले. भोकही माझ्याच काठीनं पडलंय."

"बाबा, आम्हाला माहीत होतं," मुलगा म्हणाला.

"माहीत होतं? मग बोलला का नाहीस?"

"आम्ही त्या दिवशी खडकांवर जात होतो, मामंजी," सूनबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला होता. "दोनदा इंजीन बंद पडलं. तुम्हाला लागेल म्हणून आम्ही गप्प राहिलो. आणि तुम्ही आज या टाकीला आग लावायला निघाला होतात!"

मालकांनी दोन्ही हातांनी तोंड झाकले. मग सूनबाईंनीच नाक पुसत विचारले, "साबण कुठला लावलात?"

"कपड्यांचा."

"तरीच. महिनाभर मी शेजारणीवर संशय घेतेय."

मुलाला हसू फुटले, आणि मालकांना रडू. 

त्यानंतर माझे काम रीतसर झाले. डेकच्या फळ्या उचकटल्या, पण खालची तुळई हलेना, तेव्हा माझे दोन तुकडे करूनच मला काढायचे ठरले. सूनबाईंनी आधी भोकात लाकडी खुंटी ठोकायला लावली. मग मला आतून गरम पाण्याने धुतले आणि वाफेला जागाच राहू नये म्हणून कापायच्या रेषेपर्यंत पाण्याने भरले. गॅस नाही, ठिणगी नाही, साधी हातकरवत. तीन दिवस लागले. वेल्डरही ओशाळून आला आणि करवतीला हात लावून गेला. कापून घेताना मी घाबरले का? हो, घाबरले. पण कोणाचा जीव जाणार नाही एवढे ठाऊक होते, आणि त्या भीतीत थोडी झोपही लागली.

नवी टाकी माझ्या जागी बसली. तिच्या तळाशी, काठी जिथे पडते तिथे, कारागिराने एक जाड पत्र्याची चकती जोडली आहे. खाली पोती नाहीत, हवा खेळायला जागा आहे. पाण्याचा नळ समोर आहे, सूनबाई दर आठवड्याला तो उघडणार आहेत. आणि बोट विकायचे तूर्त कोणी काढलेले नाही.

परवा नव्या टाकीची पहिली फेरी होती. दुपारपर्यंत येतो, असे सांगून बोट गेली. मालक माझ्याजवळ एक खोके उलटे टाकून बसले. दुपार टळली. बोट दिसेना. ते उठत, डोळ्यांवर हात धरून पाहत, पुन्हा बसत. चार वाजायला आले तसे ते माझ्या कापलेल्या कडेवर हात ठेवून म्हणाले, "बोट विकली असती तर सकाळी उठून मी कुठे गेलो असतो, याची भीती होती गं मला. एवढ्याशा भीतीपायी पोरांचा जीव टांगणीला लावला." मीही तेच केले होते.

बोट आली तेव्हा ऊन उतरले होते. जाळे अडकले म्हणून उशीर झाला, बाकी काही नाही. सूनबाई धक्क्यावर उतरल्या आणि मालकांना पाहून थबकल्या.

"मामंजी, काय झालं?"

मालक एरवी म्हणाले असते, काही नाही. त्यांनी तोंड उघडलेही तसेच. मग म्हणाले, "घाबरलो होतो. फार घाबरलो होतो, पोरी."

सूनबाई त्यांच्याशेजारी खोक्यावर बसल्या. "मीसुद्धा," त्या म्हणाल्या. "त्या खडकांपाशी माझ्या हातात पानाही राहत नव्हता. अजून झोपेत दचकते. कुणाला बोलले नाही मी." आणि मग त्या सगळे बोलल्या, पहिल्या ठसक्यापासून. मालक मधेमधे हूं म्हणत ऐकत राहिले.

मित्रांनो, वस्तू सांभाळा, तिला ओलीत ठेवू नका, तिच्यातली घाण वेळेवर काढा, हे तर मी सांगेनच. पण आमच्यासारख्या टाक्यांना तोंड नसते, तुम्हाला आहे. कुठे काही झिरपत असेल, कशाची भीती वाटत असेल, तर घरातल्या एका तरी माणसाला सांगा. आणि कोणी तुम्हाला सांगायला आले, तर आधी ऐकून घ्या, रागवायचे मागाहून बघा.

भंगारवाल्याची गाडी वळणावर दिसते आहे. पुढे भट्टी असते म्हणतात, आणि तिथे लोखंडाचे पाणी होते. मला तिची फार भीती वाटते आहे. तुम्हाला सांगितले.